खिशातले बिऱ्हाड

दिवाळीच्या आधी माळा काढायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. शिडी भिंतीला लावायची, पदर खोचायचा, आणि वर्षभर वर ढकललेल्या वस्तू एकेक खाली उतरवून त्यांचा निवाडा करायचा. ही ठेवायची, ही भंगारवाल्याला द्यायची, आणि हिचे पुढल्या दिवाळीला बघू. नवी मुंबईतल्या घरांत हा तिसरा ढीगच नेहमी सर्वांत मोठा असतो. जागा थोडी, आणि जीव गुंतलेल्या वस्तू फार.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अशीच शिडीवर उभी असताना माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना हा मुलगा प्रश्न विचारून भंडावून सोडी. आता तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेला आहे. त्याने शिडी धरली, दोन पेट्या उतरवून दिल्या आणि हात झटकत म्हणाला, "बाई, मीसुद्धा सध्या माळाच काढतोय. पण आईच्या मोबाईलमधला."

मला काही उमगले नाही. तेव्हा त्याने खाली बसून सगळे सांगितले. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत एका खोलीत मायलेक राहतात. वडील बाजार समितीत माथाडी कामगार होते; दोन वर्षांपूर्वी वारले. घरात संगणक नाही, घेण्याची ऐपत नाही. कॉलेजातला संगणक ठरलेल्या तासापुरता हाती येतो. घरात यंत्र म्हणावे असे एकच, आईचा सहा-सात वर्षांचा मोबाईल. त्यातली साठवणीची जागा सोळा जीबी. आणि त्याच मोबाईलमध्ये या पठ्ठ्याला अख्खा संगणक बसवायचा होता. म्हणजे एखादे अ‍ॅप नव्हे. टेबलावरच्या संगणकावर असतात तशा खिडक्या, फायलींचे कप्पे, प्रोग्राम लिहिण्याची नि चालवण्याची सारी अवजारे, असा संपूर्ण लिनक्स.

"अरे, कोनाड्यात कोणी माजघर बसवतं का?" मी म्हणाले.

त्यावर तो हसला. "बाई, मुंबईत बांधलेल्या पहिल्या संगणकाला केवढा कोनाडा होता, ते आधी शोधा. मग बोला."

शिकवलेल्या पोराने उलट गृहपाठ द्यावा, याची मला गंमत वाटली. यंत्रशास्त्र मी शिकलेली नाही. दहावीनंतरचे माझे शिक्षण वाचनालयातच झाले. पण इतिहास वाचायची सवय आहे, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला गोष्टीचे मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. तो गृहपाठ मी केला. तोच आज वाचकांपुढे ठेवते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला. त्याचे लहान, प्रायोगिक रूप १९५६ साली चालू झाले. १९६० च्या सुमारास पुरे यंत्र उभे राहिले. आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. कपाटांच्या रांगा, निर्वात नळ्या आणि त्यांची उष्णता असा सगळा त्याचा संसार होता. पण त्याची स्मरणशक्ती किती? दोन हजार अठ्ठेचाळीस 'शब्द', आणि प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. आजच्या मापात सांगायचे तर दहा किलोबाइट. वाचकहो, आपण वाचत आहात तो हा लेखसुद्धा त्या स्मरणात मावला नसता! तरीही त्या यंत्रावर देशातल्या शास्त्रज्ञांनी खरी, मोठी गणिते सोडवली. आमच्या विद्यार्थ्याच्या आईच्या मोबाईलची चालती स्मरणशक्ती दोन जीबी आहे. म्हणजे टिफ्रॅकच्या दोन लाख पटींहून अधिक. कोनाडा कोणाचा लहान, हे मला मुकाट्याने कबूल करावे लागले.

आता लिनक्सची कुळकथा. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' नावाची संगणकाची कार्यप्रणाली जन्माला आली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा घरकारभार पाहणारी व्यवस्था. कोणाला किती जागा, कोणाची पाळी कधी, कोणी कशाला हात लावायचा, हे ठरवणारी. युनिक्स गुणी होते, पण त्याच्यावर मालकी कंपनीची होती. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने जाहीर केले की, युनिक्ससारखीच पण सर्वांना मोकळी अशी व्यवस्था आपण उभारणार. कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. त्याने नि त्याच्या साथीदारांनी भांडीकुंडी, चूल, पाटा-वरवंटा सारे जमवले. पण घराचा पाया तेवढा होईना. तो १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी इथे लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने घातला. त्याच्या पहिल्या प्रतीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. हा आपला छंद आहे, फार मोठे असे काही यातून व्हायचे नाही, अशा सुरातच त्याने ती गोष्ट जगाला कळवली होती.

गंमत पाहा. याच १९९१ साली युनिकोड या जागतिक अक्षरव्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत आपल्या देवनागरीला एकशे अठ्ठावीस जागांचा सलग पट्टा मिळाला. लिनक्स आणि संगणकातली जागतिक देवनागरी ही अशी एका वर्षाची भावंडे. या भावंडांची पुढे ताटातूट कशी झाली, ते ओघात येईलच.

मोकळ्या वस्तूला मागणी फार. ती वाढतही जाते. लिनक्स वाढत वाढत मोठमोठ्या यंत्रांत गेले. पण त्याच वेळी त्याला लहान जागेत बसवण्याचा नाद काही मंडळींना लागला. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली 'क्नॉपिक्स' काढले. सातशे एमबीच्या एका तबकडीत त्याने सुमारे दोन जीबींचा संसार घडी घालून भरला होता. यंत्रात काही न बसवता नुसती तबकडी घालायची, की संगणक उभा. त्याच्यापासून पुढे निघालेल्या 'डॅम स्मॉल लिनक्स' या धाकट्या अवताराने तर पन्नास एमबींची शपथच घेतली होती. भेटपत्रिकेएवढी तबकडी, आणि तीत खिडक्या, ब्राउझर, लिहिण्याची साधने सगळे. एखादी नवी वस्तू आत घ्यायची तर जुनी बाहेर काढल्याशिवाय जमायचे नाही. एका खोलीत संसार करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या देशातही हा प्रयत्न झाला, तो निव्वळ नादापायी नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चार प्राध्यापकांनी एन्कोर या कंपनीबरोबर 'सिम्प्युटर' नावाचा हातात मावणारा संगणक घडवला. ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही तो वापरता यावा, ही त्यामागची इच्छा. २००१ साली तो लोकांसमोर आला आणि २००४ साली बाजारात. आत लिनक्सच होते. साठवणीला बत्तीस एमबी, चालत्या कामाला चौसष्ट. त्याचा खप मात्र झाला नाही. किंमत दहा हजारांच्या घरात, आणि तोवर साधे मोबाईल स्वस्त होऊन खेडोपाडी निघाले होते. काळाच्या थोडे आधी आलेल्या पाहुण्याचे जे होते, तेच त्याचे झाले.

यानंतरची हकीकत माझ्या फार जवळची आहे, कारण ती शाळेतली आहे आणि शेजारच्याच मुलखातली आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, खैराट नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या वीसेक मुलांच्या हाती २००७ साली हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक पडले. 'प्रत्येक मुलाला एक संगणक' या अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीचा भारतातला हा पहिला प्रयोग. आदल्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण खात्याने ही योजना नाकारली होती. आधी फळा, छप्पर आणि शिक्षक, मग संगणक, असा एकूण विचार. तो चुकीचा होता असे मला शिक्षिका म्हणून म्हणवत नाही. पण खैराटला संगणक आले ते आलेच. त्यांत साठवणीची जागा एक जीबी, चालती स्मरणशक्ती दोनशे छप्पन्न एमबी, आणि एवढ्यात संपूर्ण लिनक्स. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी पुढे या शाळेत काम केले. मुले या यंत्रांवरच्या गप्पांच्या चौकटीतून एकमेकांना गणिते घालीत आणि एकमेकांची उत्तरे तपाशीत. गणिताचे नाव काढताच वर्गात माना खाली जाताना मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. म्हणून गप्पांतून चाललेल्या त्या बेरजांचे वर्णन वाचताना मला त्या मास्तरांचा हेवा वाटला.

खैराटची शाळा आणि आमच्या विद्यार्थ्याची खोली यांच्यामध्ये मोबाईलचा सगळा इतिहास उभा आहे. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचाच. म्हणजे आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात लिनक्स आहेच, फक्त वर दुसऱ्याच्या नावाची पाटी आहे. पाया तोच, पण वरचे मजले, जिने, खोल्या सगळ्या निराळ्या. आणि प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली देऊन बाहेरून कडी घातलेली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच. पण शिकणाऱ्या मुलाला या घराच्या भिंती खरवडून पाहता येत नाहीत.

मग फोनमध्येच टेबलावरचे लिनक्स का बसवू नये? हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला. नोकिया कंपनीने २००९ साली 'एन नऊशे' हा फोन काढला. त्याची कार्यप्रणाली लिनक्सच्या 'डेबियन' घराण्यातलीच होती. २०१२ साली कॅनॉनिकल कंपनीने अँड्रॉइड फोन टेबलावर पडद्याला जोडला की त्यातून उबंटू लिनक्स उभे राहील, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने 'उबंटू एज' फोनसाठी लोकांकडे तीन कोटी वीस लाख डॉलर मागितले. एक कोटी अठ्ठावीस लाखांच्या आसपास बोली लागली, आणि फोन निघालाच नाही. सॅमसंगने २०१८ च्या अखेरीस आपल्या भारी फोनांत लिनक्स चालवून पाहिले आणि वर्षाच्या आत तो खेळ आवरला. २०२५ च्या मार्चमध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनांत डेबियनची खिडकी उघडून दिली. पण हे सारे महागड्या फोनांचे. सोळा जीबीवाल्यांना कोणी आमंत्रण दिले नव्हते.

बिनबोलावलेल्यांची वाट दुसरीच होती, आणि तिचे मूळ बरेच जुने. १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये एक छोटी आज्ञा आली. 'सीएचरूट' तिचे नाव. एखाद्या प्रोग्रामला घरातल्या एका खोलीत नेऊन बसवायचे आणि त्याला सांगायचे, बाबा रे, हेच सगळे घर. मग तो प्रोग्राम त्या खोलीतच आपले स्वयंपाकघर, आपले देवघर मांडून सुखाने राहतो. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचाच असल्यामुळे येणाऱ्या लिनक्सला पाया बरोबर आणावा लागत नाही. नळ, वीज, भिंती घरमालकाच्या, आपली फक्त भांडीकुंडी. एकच अडचण. ही आज्ञा द्यायला घराची मूळ किल्ली लागते, आणि ती फोन बनवणारे लोक सहसा देत नाहीत.

त्यावर 'प्रूट' नावाचा तोडगा निघाला. हा एक मध्यस्थ. भाडेकरू म्हणाला, "माजघरातल्या फडताळातली वही काढा," की मध्यस्थ ते ऐकतो, मनात भाषांतर करतो, आणि घरमालकाला सांगतो, "मागच्या खोलीतल्या तिसऱ्या कोनाड्यातली वही हवी आहे." किल्ली लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. फक्त प्रत्येक कामाला मध्यस्थ आल्यामुळे वेळ लागतो. २०१५ पासून 'टर्मक्स' हे मोफत अ‍ॅप मिळू लागले, आणि त्यातून हा मध्यस्थ साध्या फोनातही नांदू लागला. एवढे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर आपला पोटभाडेकरू! गिरगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या व्यवस्थेत नवे ते काय?

एका जागी मात्र आमच्या शहराचे ऋण मान्य केले पाहिजे. असले लिनक्स आंतरजालावरून उतरवायला शेकडो एमबी लागतात. पूर्वी मोबाईलवर एवढे उतरवणे गरिबाच्या घरी परवडणारे नव्हते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि दर कोसळले. त्या कंपनीचा मोठा कारभार इथूनच, घणसोलीजवळच्या आवारातून चालतो. पुढल्या वर्षी तिने जो बटणांचा स्वस्त फोन जाहीर केला, त्याची साठवण चार जीबी, आणि त्याच्याही पोटात पाया लिनक्सचाच. आमच्या घरी दूध घालणाऱ्या मावशींच्या कमरेला तो फोन असे. लिनक्स कमरेला लावून आपण हिंडतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हते.

असो. तर आमच्या विद्यार्थ्याने टर्मक्स बसवले, डेबियन मागवले, आणि उत्साहाच्या भरात टेबलावरच्या संगणकाला शोभेल अशी सगळी यादी एकदम लिहून दिली. लेखनाचे मोठे कार्यालय, चित्रांचे साधन, दोन ब्राउझर. मध्यरात्री अर्ध्यावर जागा संपली. सकाळी आईला भिशीच्या बायकांचे निरोप येईनात. "तुझ्या त्या संगणकानं माझा फोन गिळला," असे म्हणून तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. चूक तिची नव्हती. तिचा व्यवहार, तिची माणसे त्या फोनातच होती.

तेव्हा त्याने वही काढली. सोळा जीबींपैकी सहांहून अधिक जागा फोनाच्या स्वतःच्या संसाराला. निरोपांच्या अ‍ॅपने साठवलेल्या सुप्रभातांना आणि चलच्चित्रांना दोन. आईचे फोटो नि चलच्चित्रे पाच. बाकी अ‍ॅपे. उरले जेमतेम दोन. आईच्या पाच जीबींवर त्याचा डोळा होता. पण त्यात वडील होते. बाजार समितीच्या फाटकापाशी डोक्यावर पटका बांधून हसणारे, गणपतीत आरती म्हणणारे, आणि शेवटच्या आजारात खाटेवर उठून बसलेले. आई म्हणाली, "यातला एकही पुसायचा नाही. हवं तर शिकू नकोस." एवढे सांगताना त्याचा आवाज बसला. हाच निवाडा करायला तो माझ्या शिडीखाली आला होता.

मला त्या वेळी बेलापूरची घरे आठवली. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' मासिकात मांडली. सिडकोची स्थापना १९७० सालची. पुढे १९८३ पासून कोरियांनी बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये लहान घरांची एक वसाहत बांधली. जमिनीचे तुकडे छोटे, सामायिक अंगणाभोवती सात-सात घरे. पण कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही. कशासाठी? आज ज्याला एकच खोली परवडते, त्याने उद्या ऐपत आल्यावर दुसरी बांधावी, आणि शेजाऱ्याची परवानगी मागत बसू नये. मी त्याला म्हटले, "अरे, पहिल्याच दिवशी बंगला कशाला? एक खोली घाल. लागेल तशी वाढव."

त्याने वहीत मान घातली ती आठवडाभर. सबंध कार्यालयाऐवजी एक हलका खिडकी-व्यवस्थापक घेतला. डेबियनमध्ये एखादी वस्तू मागितली की तिच्याबरोबर "हेही असले तर बरे" म्हणून दहा वस्तू येतात. त्या नकोत, असे त्याने सांगून ठेवले. उतरवून झाल्यावर राहिलेली वेष्टने पुसली, माहितीपत्रकांचे गठ्ठे काढले, आणि परक्या भाषांच्या फायली झाडून टाकल्या. पाया, खिडक्या, एक ब्राउझर, प्रोग्राम लिहिण्याची नि चालवण्याची अवजारे मिळून हिशेब दोन जीबींच्या आत आला. पण एवढी जागा भरल्यावर फोनाला श्वास घ्यायला जागा उरेना.

मग एक कार्ड आणायचे ठरले; बत्तीस जीबींचे. लिनक्स त्या कार्डावर ठेवावे, असा पहिला विचार. तो फसला, आणि त्याचे कारण मला फार आवडले. अशा कार्डाच्या खतावणीत वस्तूचे नाव, आकार आणि तारीख एवढ्यापुरतीच घरे आखलेली असतात. वस्तूचा मालक कोण, ती कोणी वाचावी, कोणी चालवावी, हे लिहायला तिथे रकानाच नसतो. लिनक्सचा सगळा घरकारभार त्या रकान्यावर. म्हणून लिनक्स कार्डावर राहू शकत नाही. पण फोटोंना असले काही लागत नाही. ते कुठेही राहतात. तेव्हा उलट करायचे. फोटो कार्डावर न्यायचे आणि बिऱ्हाडाला आत जागा द्यायची.

आई तयार झाली, पण एका अटीवर. आधी नकलायचे, मग मोजायचे, आणि मगच पुसायचे. बाईची अट किती शहाणपणाची होती, ते लगेच दिसले. स्टेशनाबाहेर फिरत्या विक्रेत्याकडून आणलेले पहिले कार्ड बनावट निघाले. वर बत्तीस लिहिलेले, आत आठसुद्धा धड नाहीत. जागा संपल्यावर ते नव्या फोटोंची नावे मुकाट घेई आणि आतले चित्र गडप करी. नकललेले फोटो एकेक उघडून पाहताना निम्मे कोरे निघाले. मूळ फोटो जागचे जागी होते म्हणून वाचले. मोजल्याशिवाय पुसले असते तर? त्या रात्री मायलेकांना झोप लागली नाही, आणि ऐकल्यावर मलाही लागली नाही. दुसरे कार्ड पक्क्या दुकानातून, पावती घेऊन आणले.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. फराळाची ताटली पुढे आली, आणि तिच्याशेजारी फोन. जुन्या बाजारातून आणलेला कळफलक एका छोट्या वायरने त्याला जोडलेला. पडदा हाताच्या पंजाएवढा. पण आत खरोखरच संगणक उभा होता. खिडक्या सरकत होत्या, थोड्या दमल्यासारख्या. मध्यस्थाची ये-जा चालू होती ना! त्याने एक लहान प्रोग्राम चालवून दाखवला. मग कळफलक माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बाई, मराठीत काहीतरी लिहा."

मी 'बिऱ्हाड' लिहिले. पडद्यावर चार-पाच रिकामे चौकोन उमटले.

तो गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आले. जागा वाचवताना "असले तर बरे" म्हणून येणाऱ्या ज्या वस्तू त्याने नाकारल्या, त्यांतच देवनागरीची अक्षरे होती. आणि परक्या भाषा म्हणून जे झाडून टाकले, त्यात मराठीही गेली होती. एक इंग्रजी तेवढी घरची ठरली होती. १९९१ च्या त्या भावंडांची ताटातूट झाली ती अशी, आमच्याच पोराच्या हातून, कोपरखैरण्याच्या एका खोलीत.

मी रागावले नाही. माळा काढताना माझ्या हातूनही असेच झाले आहे. जागेच्या घाईत सासूबाईंच्या ओव्यांची वही मी एकदा रद्दीत दिली होती. ती परत मिळाली नाही. पण याची वस्तू परत मिळण्यासारखी होती. 'लोहित' नावाची देवनागरी अक्षरमाला लिनक्सवर सर्वांना मोफत मिळते. ती मुळात घडवली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने, जिची श्रीलिपी आपल्या छापखान्यांत घरोघरीसारखी झाली; आणि रेड हॅट या कंपनीने २००४ साली ती मोकळी करून जगाला दिली. तिचा आकार? एका फोटोपेक्षा लहान! जी वस्तू जागेसाठी बाहेर राहिली, ती जागा खातच नव्हती. आणि मराठी भाषेच्या ज्या फायली त्याने झाडल्या होत्या, त्याही कोणी ना कोणी फुरसतीच्या वेळी, पदराला खार लावून मराठीत आणलेल्या. त्याही त्याने परत मागवल्या.

पाच मिनिटांत चौकोन जाऊन अक्षरे आली. 'बिऱ्हाड'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र'सुद्धा जागच्या जागी बसला. आई इतका वेळ चुलीपाशी होती. ती हात पुसत आली, वाकून पाहिले आणि मुलाला म्हणाली, "हे सगळं ठीक. पण फोटो?"

त्याने फोटो उघडून दाखवले. पटका बांधलेले वडील हसत होते. तिने बोटाने पुढचा सरकवला, मग त्याच्या पुढचा. सगळे आहेत का ते पाहत गेली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे कार्डही कधी बिघडेल ना रे?"

मुलगा खोटे बोलला नाही. बिघडेल, म्हणाला. म्हणून त्या फोटोंची दुसरी प्रत त्याने माझ्या घरच्या संगणकात ठेवली आहे. यंदाही मी माळा काढला आणि तिसरा ढीग नेहमीसारखाच मोठा झाला. ती प्रत मात्र मी त्या ढिगात घातलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती उघडते, आणि फोटो मोजते.